ग्वाल्हेरचे नाव आणि शिंपल्याची साक्ष

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून चोहोकडे कितीही दूर दृष्टी टाकली, तरी समुद्र दिसण्याचा संभव नाही. जवळात जवळचा किनारा शेकडो मैल दूर. लष्कर आणि मुरार भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांत खाऱ्या माशाची आठवण असलीच, तर ती कोकणातून आलेल्या एखाद्या सासुरवाशिणीच्या बोलण्यापुरती. असे असूनही समुद्राच्या आरोग्याचा विचार करताना ग्वाल्हेरला वगळून चालत नाही. एक तर शहराच्या मधून वाहणारी स्वर्णरेखा, जिच्या परिसरात १८५८ साली झाशीच्या राणीने देह ठेवला, ती आता शहराचे सांडपाणी वाहून नेते. आणि ते पाणी शेवटी यमुनेस, यमुनेतून गंगेस आणि गंगेतून बंगालच्या उपसागरास मिळते. परंतु याहून थेट असा आणखी एक संबंध आहे. तो पाण्याचा नाही, नावाचा आहे.

१९४७ च्या ऑगस्ट महिन्यात, देश स्वतंत्र होऊन दहा दिवस होतात न होतात तोच, ग्वाल्हेर येथे एक कंपनी नोंदली गेली. तिचे नाव ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग (वीव्हिंग) कंपनी. बिर्ला घराण्याचा या शहराशी संबंध त्यापूर्वीचाच. महाराज जिवाजीरावांचे नाव धारण करणारी कापसाची मोठी गिरणी त्यांनीच येथे उभारली होती, आणि तिच्याभोवती बिर्लानगर नावाची वस्ती वाढली होती. नव्या कंपनीने कृत्रिम रेशमाचे, म्हणजे रेयॉनचे, कापड विणण्यास आरंभ केला. १९५४ साली तिने नागदा येथे, म्हणजे पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानाच्याच मुलखात, चंबळेच्या काठी रेयॉनचा धागा करण्याचा कारखाना काढला. धागा करावयास लाकडाचा शुद्ध लगदा लागतो. तो परदेशाहून आणण्याऐवजी देशातच करावा, हा विचार पुढे आला आणि कंपनीची नजर दक्षिणेकडे, केरळातील बांबूच्या वनांकडे गेली.

येथे इतिहासाने जरा गंमत केली आहे. १९५८ साली केरळात कम्युनिस्ट मंत्रिमंडळ होते, मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद. या मंत्रिमंडळाने देशातील एका बड्या भांडवलदाराशी करार केला आणि कारखान्यास बांबू टनास एक रुपया अशा नाममात्र दराने देऊ केला. बेकारीने गांजलेल्या प्रांतास कारखाना हवा होता आणि कारखान्यास बांबू व पाणी हवे होते, एवढाच त्याचा अर्थ. कोझिकोडजवळ चालियार नदीच्या काठी मावूर या गावी हा कारखाना उभा राहिला आणि १९६३ साली तेथे लगदा निघू लागला. मावूरचे लोक कारखान्यास कंपनीच्या पूर्ण नावाने कशाला हाक मारतील? त्यांच्या तोंडी तो ‘ग्वाल्हेर रेयॉन्स’च राहिला. कामगारांच्या एका संघटनेच्या नावातही ग्वाल्हेर शिरले. त्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ग्रो’ असा शब्द झाला, आणि तिचे पुढारी ए. वासू हे केरळभर ‘ग्रो वासू’ या नावाने ओळखले गेले. मध्य भारतातील एका डोंगरी शहराचे नाव अशा रीतीने मलबारच्या माणसाच्या नावाआधी येऊन बसले.

बांबूचा लगदा करणे म्हणजे त्यातील तंतू ठेवून उरलेले सर्व द्रव्य रसायनांनी विरघळवून काढून टाकणे. हे काढून टाकलेले द्रव्य गडद रंगाचे असते आणि पाण्यात जाऊन कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. लगद्याचा धागा करताना कॉस्टिक सोडा, कार्बन डायसल्फाइड, गंधकाचे आम्ल आणि जस्ताचा क्षार यांची गरज पडते. त्यांचाही अंश सांडपाण्याबरोबर बाहेर पडू शकतो. चालियारचे पाणी काळवंडले, मासे मेले, अंगास खाज सुटू लागली, अशा तक्रारी कारखाना सुरू झाल्यापासूनच आरंभल्या. उन्हाळ्यात भर पडे ती वेगळीच. नदीचा प्रवाह क्षीण झाला की भरतीचे खारे पाणी वर चढते. ते अडविण्यासाठी नदीत मातीचा तात्पुरता बांध घालीत. खारे पाणी त्याने अडे, पण कारखान्याचे पाणीही त्यामुळे बांधाच्या वरच साचून राही.

वाळक्काड पंचायतीचे अध्यक्ष के. ए. रहमान यांनी या प्रश्नावर लोकांना संघटित केले, आणि १९९९ साली कर्करोगाने त्यांचा अंत होईपर्यंत हे काम सोडले नाही. १९७४ साली तडजोड होऊन सांडपाणी नळाने नदीच्या खालच्या बाजूस नेऊन सोडावे असे ठरले. म्हणजे दूषित पाणी वरच्या गावाच्या दारातून हलले आणि खालच्या गावाच्या, पर्यायाने समुद्राच्या, अधिक जवळ गेले. याच वर्षी संसदेने जलप्रदूषणाचा कायदा संमत केला. महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा त्यापूर्वी पाच वर्षे, १९६९ सालीच केला होता, हे येथे नमूद करावयास हरकत नाही.

कायदा झाला म्हणजे पुरावा मिळाला असे मात्र होत नाही. नदीकाठचा माणूस म्हणतो, पाणी विषारी आहे. कारखाना म्हणतो, आमचे पाणी मर्यादेत आहे. मंडळाचा अधिकारी बाटली घेऊन येतो, पाणी भरतो, प्रयोगशाळेत नेतो. ती बाटली सांगते काय? मंगळवारी सकाळी अकरा वाजता, या ठिकाणी, या खोलीवर पाणी कसे होते, इतकेच. सोमवारी रात्री काय सोडले गेले, हे तिला ठाऊक नाही. त्यातही एखादे विषारी द्रव्य मोजता आले, तरी त्याने जिवंत प्राण्यास इजा झाली किंवा नाही, याविषयी बाटली मुकीच. जो रात्रंदिवस त्याच पाण्यात राहतो, ते पितो, आणि पळून जाऊ शकत नाही, असाच साक्षीदार येथे हवा.

असा साक्षीदार चालियारच्या मुखाशीच खडकांना चिकटून बसलेला होता. नदी जेथे समुद्रास मिळते तेथे एका तीरावर बेपूर आणि दुसऱ्या तीरावर चालियम. तेथील खडकांवर हिरव्या काठाचे लांबट शिंपले वाढतात. मल्याळी लोक त्यास ‘कल्लुम्मक्काया’ म्हणतात. अर्थ असा, की दगडावरचे फळ. गोव्याच्या किनाऱ्यावर हीच शिणाणी. आपल्याकडे कोकणात अधिक परिचयाच्या तिसऱ्या वाळूत-चिखलात राहतात आणि कालवे खडकावर कायमची सांधलेली असतात. शिणाणी मात्र स्वतःच्या अंगातून काढलेल्या चिवट धाग्यांनी खडकास नांगरून राहते. कल्ल्यांवरून सतत पाणी ओढून त्यातील सूक्ष्म अन्न गाळून खाणे, हा तिचा जन्मभराचा व्यवसाय. चांगली वाढलेली शिणाणी तासाला लिटरभराहून अधिक पाणी सहज गाळते. पाण्यात जे असेल ते तिच्या अंगावरून जाते, आणि पुष्कळसे अंगात राहते.

शिंपल्यांतून विष माणसापर्यंत पोहोचते, हे जगाने फार महागात शिकले. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली एक विचित्र रोग अधिकृतपणे नोंदला गेला. माणसांचे हातपाय थरथरत, दृष्टी आणि वाचा जाई. मांजरे तर वेड्यासारखी नाचून मरत. एका रासायनिक कारखान्याने उपसागरात सोडलेला पारा मासे आणि शिंपले यांच्या द्वारा कोळ्यांच्या पोटात गेला होता. जपान सरकारने ही गोष्ट मान्य करावयास १९६८ साल उजाडावे लागले. बारा वर्षे! त्या बारा वर्षांत वाद माणसे मरतात की नाही असा नव्हताच. कशाने मरतात, हे कोणी सिद्ध करावयाचे, असा होता.

१९७५ साली अमेरिकेच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील एडवर्ड गोल्डबर्ग यांनी एक छोटासा लेख लिहून सुचविले, की जगभरच्या किनाऱ्यांवरून शिंपले गोळा करावेत आणि त्यांच्या मांसातील शिसे, पारा, डीडीटी, तेलाचे अंश इत्यादी मोजावेत. या योजनेस ‘शिंपला-पहारा’ असे म्हणता येईल. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या किनाऱ्यांवर तिला आरंभ झाला, आणि १९८६ पासून ती तेथे सरकारी खात्याचे नियमित काम झाली. आशिया व पॅसिफिक भागातही असा पहारा बसला. १९९४ पासून काही वर्षे जपानी संशोधकांच्या पुढाकाराने गोळा केलेल्या शिंपल्यांत भारताच्या किनाऱ्यावरचे शिंपलेही होते. बाटलीपेक्षा शिंपला निश्चितच श्रेष्ठ, कारण तो आठवड्यांचा, महिन्यांचा हिशेब अंगात सांभाळतो. तथापि हाही हिशेब साठ्याचाच. सावकाराच्या पेटीत किती माल आहे हे कळले, तरी तो माल गहाण टाकणाऱ्याच्या घरी काय दशा आहे ते कळत नाही. विष अंगात किती आहे याबरोबरच अंगाला ते किती बाधते, हे कळण्यास दुसरीच वाट शोधावी लागली. आणि ती वाट समुद्रकिनाऱ्यावर नव्हे, इटलीतील एका प्रयोगशाळेतील माशीच्या बरणीत सापडली.

फेरुच्चिओ रितोसा हा तरुण शास्त्रज्ञ पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीचा अभ्यास करीत होता. या माशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे इतकी मोठी असतात, की सूक्ष्मदर्शकातून त्यांवरील पट्टे स्पष्ट दिसतात. आणि जेथील वंशघटक कामास लागला असेल तेथे पट्टा फुगीर होतो. एक दिवस कोणा सहकाऱ्याने उबवणपेटीचे तापमान नकळत वाढविले. रितोसाने पाहिले तो गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी फुगवटे आलेले. दुसऱ्या कोणी पेटीचा काटा पूर्ववत केला असता आणि खराब झालेला प्रयोग फेकून दिला असता. रितोसाने तसे केले नाही. त्याचा लेख एका नामांकित नियतकालिकाने, यात जीवशास्त्रीय महत्त्वाचे काही नाही असे म्हणून परत केला. अखेर १९६२ साली तो दुसरीकडे प्रसिद्ध झाला. मावूरचा कारखाना सुरू होण्याच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट. दोन घटनांचा परस्परांशी काही एक संबंध असेल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते.

त्या फुगवट्यांच्या ठिकाणी नेमके काय तयार होते, ते १९७४ साली आल्फ्रेड टिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. उष्णतेचा तडाखा बसताच पेशी आपली नेहमीची कामे आवरती घेते आणि काही विशिष्ट प्रथिने घाईघाईने बनविते. पुढे असे आढळले, की ही प्रथिने माशीतच नव्हे, तर जंतूंपासून माणसापर्यंत जवळजवळ सर्व सजीवांत आहेत. आणि केवळ उष्णतेनेच नव्हे, तर तांबे, कॅडमियम, मद्यार्क, प्राणवायूचा अभाव अशा नाना प्रकारच्या त्रासाने ती वाढतात. म्हणून त्यांस ‘ताण-प्रथिने’ हे व्यापक नाव पडले. या क्षेत्रात भारतीय संशोधकही आरंभापासून आहेत. सुभाषचंद्र लखोटिया यांनी १९७० साली कलकत्त्यास असताना अशाच एका फुगवट्यावर काम केले आणि नंतर काशी हिंदू विश्वविद्यालयात हा अभ्यास अनेक दशके चालविला.

ही प्रथिने करतात तरी काय? पेशीतील प्रत्येक प्रथिन एक लांब साखळी असते आणि ती विशिष्ट प्रकारे दुमडली तरच कामाची. ताण आला की दुमड सुटते. सुटलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पेशीत नुसता गुंता माजतो. ताण-प्रथिने या सुटू पाहणाऱ्या साखळीस धरून ठेवतात, भलत्या संगतीपासून दूर राखतात आणि पुन्हा नीट दुमडण्यास अवसर देतात. इंग्रज शास्त्रज्ञांनी त्यांस तरुण मुलीबरोबर समारंभास जाणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रीचे नाव दिले. मराठीत तर त्याहून नेमका शब्द तयारच आहे: पाठराखीण. नवी नवरी प्रथम सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर कोणी मोठी बाई धाडतात. नवख्या घरात मुलगी गोंधळू नये, एवढेच तिचे काम. घरात पाठराखिणी एकाएकी वाढल्या, तर नवरीवर काही प्रसंग गुदरला आहे हे शेजाऱ्यांना सांगावे लागत नाही.

शिंपल्याच्या बाबतीत नेमके हेच करता येते. त्याचे कल्ले काढून वाटतात, त्यातील प्रथिने लुकण्याच्या पातळ थरातून विजेच्या प्रवाहाने ओढून वजनाप्रमाणे वेगळी करतात, आणि हव्या त्या प्रथिनासच चिकटणारे प्रतिद्रव्य वापरून त्याचा पट्टा उमटवितात. पट्टा जितका गडद, तितकी पाठराखिणींची संख्या अधिक. अमेरिकेत ब्रेंडा सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली निळ्या शिंपल्यांना पाण्यातील तांब्याच्या निरनिराळ्या प्रमाणांत ठेवून असे एक ताण-प्रथिन मोजले, आणि त्याच शिंपल्यांची वाढीसाठी उरणारी शक्तीही मोजली. एकाची वाढ आणि दुसरीचा ऱ्हास यांचा परस्परसंबंध त्यातून पुढे आला. याचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. शिंपला मरून पडला म्हणजे प्रदूषण झाले, हे सांगण्यास शास्त्रज्ञ लागत नाही, कोळीण सांगते. परंतु शिंपला जिवंत आहे, बाहेरून धडधाकट दिसतो आहे, आणि आतल्या आत दुरुस्तीवरच सारी शक्ती खर्च करतो आहे, ही अवस्था ओळखता आली तर उपाय करण्यास वेळ मिळतो.

हे ऐकून एखाद्यास वाटेल, की मिळाली गुरुकिल्ली. तसे नाही, आणि या विषयावर लिहिणारे पुष्कळ जण येथेच घाई करतात. पाठराखीण संकट आले हे सांगते, कोणते आले हे सांगत नाही. खडकावरचा शिंपला ओहोटीच्या वेळी तासन्‌तास उन्हात तापतो. तेवढ्यानेच त्याची ताण-प्रथिने वाढतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॉफमन आणि सोमेरो यांनी १९९५ साली दाखविले, की खडकावरच्या शिंपल्यांत ही प्रथिने ऋतूप्रमाणे बदलतात आणि उन्हाळ्यात अधिक असतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तर पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी लोटते आणि खारेपणा एकदम उतरतो. शिणाणीस तोही एक धक्काच. शिवाय विष फारच तीव्र असेल तर पेशी प्रथिने बनविण्याच्याच अवस्थेत राहत नाही, आणि सर्वांत बिघडलेल्या जागेचा शिंपला कागदावर निरोगी ठरण्याचा धोका असतो. कारखान्याच्या वकिलास याहून अधिक काय हवे?

म्हणून जाणते संशोधक एकाच साक्षीवर निकाल देत नाहीत. स्वच्छ जागेचे, एकाच आकाराचे शिंपले जाळीच्या पेटाऱ्यात भरून, नेहमी पाण्याखाली राहतील असे, संशयित नाल्याच्या मुखाशी आणि दूरच्या चांगल्या जागी एकाच वेळी टांगतात. काही आठवड्यांनी दोन्हींकडचे काढून तुलना करतात. पाण्याचे तापमान व खारेपणा नोंदतात. मांसातील धातू मोजतात. धातूंना बांधून ठेवणारी निराळी प्रथिने असतात, तीही पाहतात. अनेक साक्षी जुळल्या तरच बोलतात.

आपल्या देशात या कामाचे स्वाभाविक स्थान गोवा. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि तिचे मुख्य ठाणे दोना पावला येथे आले. पहिले संचालक एन. के. पणिक्कर. पुढे एस. झेड. कासीम यांच्या काळात, १९७७ च्या सुमारास, तेथील संशोधकांनी तरंगत्या तराफ्यांवरून दोर सोडून त्यांवर शिणाण्यांची शेती करून दाखविली. तेव्हा शिणाणीकडे पाहण्याची दृष्टी अन्न म्हणून होती. पुढील पिढीने किनाऱ्यावरच्या प्राण्यांकडे साक्षीदार म्हणून पाहिले. २००६ साली अनुपम सरकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या किनाऱ्यावरील एका लहान समुद्री शंखगोगलगाईत मज्जातंतूंशी निगडित अशा एका विकराची पातळी तपासून कीटकनाशकांसारख्या द्रव्यांचा माग काढला. आणि २००८ साली त्याच गोगलगाईच्या वंशद्रव्यास पडलेल्या भेगा मोजल्या. ही ताण-प्रथिने नव्हेत, पण विचार एकच आहे: पाण्याला न विचारता पाण्यात राहणाऱ्याला विचारावे.

मावूरला हे सर्व उशिरा झाले. १९८५ साली कामगारांच्या तंट्यातून कारखाना बंद पडला आणि तीन वर्षे बंद राहिला. त्या तीन वर्षांत मावूरच्या बाजारात शुकशुकाट झाला. कर्जात बुडालेल्या काही कामगारांनी आत्महत्या केल्या. नदीसाठी झगडणारा माणूस आणि भाकरीसाठी झगडणारा माणूस पुष्कळदा एकाच गावचा, कधी एकाच घरचाही. १९८८ साली ग्रो वासूंनी उपोषण केले ते कारखाना उघडावा म्हणून. रहमान झगडत होते ते कारखान्याचे पाणी थांबावे म्हणून. दोघांनाही खोटे म्हणता येत नाही. नदीला नेमकी किती इजा होते, कोणत्या द्रव्याने होते, काय बदलले असता ती थांबेल, हे वेळीच आणि निर्विवाद सांगणारे कोणी असते, तर कदाचित कारखाना आणि नदी दोन्ही राखण्याचा मार्ग निघता. तसे सांगणारे साधन नव्हते, म्हणून वाद ‘चालू’ की ‘बंद’ एवढ्याच दोन शब्दांवर येऊन थांबला. १९९९ साली उत्पादन थांबले, २००१ साली कारखाना कायमचा मिटला. कंपनीनेही १९८६ सालीच नाव बदलून ग्रासिम केले होते. जुन्या नावातील एकेका अक्षराने बनलेल्या या शब्दात ग्वाल्हेर आता आद्याक्षरापुरते उरले आहे. खुद्द ग्वाल्हेरात जिवाजीरावांच्या नावाची गिरणी १९९२ साली बंद पडली.

जर्मनीत १९८५ पासून एक निराळीच पेढी चालते. तिच्या तिजोरीत पैसे नसतात; उत्तर समुद्राच्या व बाल्टिकच्या किनाऱ्यावरून ठराविक पद्धतीने गोळा केलेले शिंपले द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत जपून ठेवलेले असतात. आज ज्या विषाचे नावही ठाऊक नाही ते वीस वर्षांनी सापडले, तर त्या वर्षीचा शिंपला काढून त्यास विचारता येते. १९६३ साली, चालियारमध्ये पहिले काळे पाणी उतरले तेव्हा, चालियमच्या खडकावरून काढलेली कल्लुम्मक्काया त्याच दिवशी कोझिकोडच्या बाजारात गेली आणि संध्याकाळपर्यंत खोबरे-मिरचीत शिजून संपली.